पुठ्ठ्याची फणी

फणी जागेवर नव्हती.

सकाळी केर काढायला म्हणून मी देवीच्या खोलीत गेले आणि वर पाहिलं, तर वेणी आणि आरसा यांच्यामध्ये नुसता दोरा लोंबत होता. मी वाकून घटाभोवती पाहिलं, समईमागे पाहिलं, पाटाखाली हात घातला. उंदरानं पाडली असती तर निदान चुरा तरी सापडला असता. शिवाय दोऱ्याची गाठ नीट उकललेली होती, आणि उंदीर काही गाठी उकलत बसत नाही.

मी बाकीचे दोरे काठीवर इकडेतिकडे सरकवले, मधली रिकामी जागा बुजवली आणि साळसूदपणे झाडायला लागले. तेवढ्यात दारात मामा येऊन उभे राहिले.

"हायत का एकवीस?" त्यांनी विचारलं.

"हायत की."

"बरं," म्हणाले आणि चहाला गेले. मी झाडलेलीच जागा परत झाडली.

ही गोष्ट त्र्याऐंशी सालची, विट्यातली. माझं लग्न वैशाखात झालं होतं आणि सासरचं हे पहिलंच नवरात्र. मामा म्हणजे माझे सासरे. हातमाग सोसायटीतून निवृत्त झालेले, दिवसाला मोजून चार शब्द बोलणारे. सासूबाईंना आमच्या भागात आत्ती म्हणतात, तशा मीही म्हणत असे. आमचे हे एसटीत कंडक्टर. तीन दिवसांतून एकदा घरी यायचे, जेवायचे आणि झोपायचे. त्यामुळे घरात दिवसभर मी आणि आत्ती. मामांचे न बोललेले सगळे शब्द बहुधा आत्तींकडे साठत असावेत, कारण त्या सकाळी चूल पेटवल्यापासून जे बोलायला लागायच्या ते दिवे लागले तरी थांबायच्या नाहीत. मी पण काही मुकी नव्हते. भाकरी करपायची, दूध उतू जायचं, आणि आमचं चालूच असायचं.

भाद्रपदात माझ्या नावानं एक कागद आला. लग्नाआधी दिलेल्या परीक्षेचा निकाल. सांगलीच्या एक्स्चेंजमध्ये टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली होती, दसरा झाला की आठ दिवसांत हजर व्हायचं होतं. आठवडाभर सांगलीत मावशीकडे राहायचं आणि रविवारी घरी यायचं, असा बेत मी मनात पक्कासुद्धा करून टाकला. ह्यांना विचारलं तर म्हणाले, "आबा म्हणतील तसं." आबा म्हणजे मामाच.

मामांनी कागद दोनदा वाचला. मग घडी घालून खिशात ठेवला. "आधी घर सांभाळता येतंय का बघू," ते म्हणाले.

"म्हंजे कसं बघायचं?" आत्तींनी विचारलं.

"औंदा फुलोरा हिनं एकटीनं करायचा. दसऱ्यापर्यंत एकवीसच्या एकवीस शाबूत ऱ्हायल्या, तर जाऊ दे. एक जरी गेली, तर कागद परत."

मामांना एवढं लांब बोलताना मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्ती काही बोलल्या नाहीत. तेही पहिल्यांदाच झालं, पण तेव्हा माझं तिकडे लक्ष नव्हतं.

फुलोरा म्हणजे घटावरची सजावट, पण पोटात जाणारी. गुळाच्या पाण्यात घट्ट पीठ मळायचं, पातळ लाटायचं आणि देवीला लागणाऱ्या साऱ्या वस्तू त्यातून कापून तळायच्या. फणी, वेणी, आरसा, करंडा, जोडवी, बांगड्या. यांना कडाकण्या म्हणतात. दोऱ्यानं त्या घटावरच्या आडव्या काठीला टांगायच्या, दसऱ्याला उतरवायच्या आणि मगच खायच्या. आमच्या गल्लीत आत्तींचा फुलोरा नावाजलेला होता. बायका मुद्दाम बघायला यायच्या. देवीच्या खोलीत बाजारातली एकही वस्तू आणायची नाही, हा त्यांचा नेम. भिंतीला चुना, त्यावर गेरूचे ठिपके, दाराला परड्यातल्या झेंडूचं तोरण, घटाला बांधावरच्या पिवळ्या कारळ्याची माळ, दोन्ही बाजूंना बाजरीची कणसं आणि मागे जुन्या इरकलीचा काठ. एकदा मी रंगीत झुरमुळ्या आणू का म्हणून विचारलं होतं. "देवीचं काय सलून हाय व्हय?" त्या म्हणाल्या होत्या.

पाचव्या माळेला, म्हणजे पाचव्या दिवशी, मी पीठ मळायला बसले तेव्हा आत्ती शेजारी पाट टाकून बसल्या. "हात लावायचा न्हाई म्हणालेत," त्यांनी मला सांगितलं, "त्वांड लावू नको असं कुठं म्हणालेत?" आणि मग तोंडानंच सगळा फुलोरा करवून घेतला. पीठ असं मळ, तेल इतकंच तापू दे, फणीचे दात कापताना सुरी ओली कर. इतका जीव ओतून त्या शिकवत होत्या की माझ्या आईनंसुद्धा कधी तसं शिकवलं नव्हतं. संध्याकाळी एकवीस कडाकण्या काठीला डुलायला लागल्या. मामांनी बोटानं मोजल्या आणि मान हलवली.

आणि सहाव्या माळेला सकाळी फणी गेली.

आता तुम्ही म्हणाल, दुसरी तळायची. तळण म्हटलं की घरभर वास, आणि तेलाचा डबा आत्तींच्या उशाशी. मी दुपारपर्यंत विचार केला. आत्ती देवळात पोथी ऐकायला गेल्या, मामा पारावर गेले, तशी मी ट्रंक उघडली. माझ्या लग्नातल्या शालूचा खोका होता, चांगल्या जाड पुठ्ठ्याचा. त्यातून फणी कापली. हळद कालवून रंग दिला, चहाच्या पाण्यानं कडा खरपूस केल्या आणि वरून गुळाचं पाणी फिरवलं. वाळल्यावर अशी चकाकली की मलाच भूक लागली. दोऱ्यात ओवून टांगली. देवीला म्हटलं, आई, तुझे केस एवढे दिवस पुठ्ठ्यानं विंचर, पुढच्या वर्षी दोन फण्या करीन.

सातव्या माळेला करंडा आणि जोडवी गेली. दुपारी शालूच्या खोक्याचं झाकणही गेलं.

आता चोर कोण, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मामांना उन्हाळ्यात साखर निघाली होती. डॉक्टरांनी गोड बंद केलं होतं आणि आत्ती त्यांना बिनसाखरेचा चहा देत, तो ते औषध प्यावं तसं पीत. शिवाय एक कडाकणी कमी झाली की सूनही घरात राहणार. तोंडही गोड होतंय आणि मनासारखंही होतंय, मग हा माणूस कशाला सोडेल? मला त्यांचा असा राग आला की विचारू नका. राग आला की माझं डोकं जोरात चालतं. दुपारी मी वाटीत गुळाचं पाणी घेतलं, त्यात दोन चमचे लवंगी मिरचीची पूड कालवली आणि कापसाच्या बोळ्यानं ते खऱ्या वेणीला मागूनपुढून फासलं. वेणी जरा तांबूस दिसायला लागली, पण छानच दिसत होती. फुलोऱ्यातली सगळ्यात मोठी आणि खुसखुशीत कडाकणी तीच. चोर तिच्यावर जाणारच.

आठव्या माळेला उजाडलं आणि वेणी गेली होती. शेजारचा आरसाही.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. मामा पाटावर बसून चहा पीत होते. डोळ्यांत पाणी नाही, नाक लाल नाही, खोकला नाही. मी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले.

"काय?" ते म्हणाले.

"काही नाही. पाणी देऊ?"

"कशाला?"

मी आत्तींकडे पाहिलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांचाही चेहरा जसाच्या तसा. म्हणजे नेलेल्या कडाकण्या कोणी खातच नव्हतं. मग नेत कशाला होतं? ज्याला खायची नाही तो चोर माझ्या डोक्यात बसेना. मी त्या दुपारी खोक्याचा तळ कापून वेणी आणि आरसा केला, आणि काम करताना पहिल्यांदा भीती वाटली. आता नुसती नोकरीच नाही, माझी अब्रूही त्या काठीला टांगलेली होती. दसऱ्याला कोणी पुठ्ठा चावला, तर म्हेत्र्यांच्या सुनेनं देवीला फसवलं, हे सगळ्या विट्यात झालं असतं.

मी ठरवलं, दसऱ्याच्या दिवशी दुपारी घर रिकामं मिळालं की पाच कडाकण्या तळायच्या आणि बदलायच्या. सणाच्या तळणासाठी तेल बाहेर असतं आणि वासाची शंकाही कोणाला येत नाही. तेवढ्यात दारात टांगा थांबला आणि पलूसच्या आक्का उतरल्या. आक्का म्हणजे मामांच्या थोरल्या बहीण. त्या आल्या की स्वयंपाकघराच्या दारातच बैठक मारत आणि तिथूनच सारं घर चालवत. झालं, माझं तळण बुडालं.

संध्याकाळी हळदीकुंकवाला बायका जमल्या. आक्का देवीसमोर उभ्या राहिल्या आणि डोळे बारीक करून फुलोरा निरखायला लागल्या.

"मुंग्या लागल्यात," आक्का म्हणाल्या.

खरंच, एक काळी रांग काठीवरून सरळ पुठ्ठ्याच्या वेणीवर उतरत होती. खऱ्या कडाकण्यांकडे एकही मुंगी ढुंकून पाहत नव्हती.

"लागणारच की," मी म्हणाले. "गूळ सढळ हातानं घातलाय."

"बघा, याला म्हणत्यात सुगरण," आक्का बायकांना म्हणाल्या. "मुंगीला बरोबर कळतंय."

सगळ्या हसल्या. आत्ती हसल्या नाहीत. त्या वर बघत होत्या. फणीकडे, करंड्याकडे, जोडव्यांकडे, परत फणीकडे. त्यांच्या हातातला कुंकवाचा करंडा तसाच राहिला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पटकन पान-सुपारीच्या ताटाकडे वळले.

नवव्या माळेला काहीच गेलं नाही. मला वाटलं, चोराचं पोट भरलं.

दसरा उजाडला. आमच्या ह्यांना नेमकी पंढरपूर गाडीची ड्यूटी होती. आक्का दिवसभर दारातून हलल्या नाहीत. संध्याकाळी मामा आपट्याची पानं घेऊन सीमोल्लंघनाहून आले, त्यांना ओवाळलं, सोनं वाटून झालं. मग मामा देवीसमोर बसले आणि आक्कांनी पदर खोचला.

"थोरली नणंद म्हणून उतरवायचा मान माझा," आक्का म्हणाल्या आणि पाटावर चढल्या. त्यांचा हात सरळ पुठ्ठ्याच्या फणीकडे गेला. नोकरीचा कागद मामांच्या खिशातून डोकावत होता, तो मला तिथूनही दिसत होता.

"वन्सं, थांबा," आत्ती म्हणाल्या.

आक्कांचा हात हवेतच राहिला.

"पहिल्या वर्षी जिनं बांधला, तिनंच उतरवायचा असतोय."

"हे कधीपासनं?"

"तुमच्या आईनंच सांगितलेलं मला. तवा तुम्ही सासरी होता."

आक्का खाली उतरल्या. आपल्याच आईचं सांगणं आपल्याला ठाऊक नाही, असं त्या चारचौघांत कशा म्हणतील? मी पाटावर चढले आणि एकेक दोरा सोडून कडाकण्या सुपात ठेवल्या. पुठ्ठ्याच्या तळाशी घातल्या, खऱ्या वर.

"आत आण," आत्ती म्हणाल्या. "आधी चुलीला निवद दाखवायचा असतोय." हाही नियम मी पहिल्यांदाच ऐकत होते.

स्वयंपाकघरात आल्यावर त्यांनी पायानं दार लोटलं. पिठाच्या डब्याचं झाकण काढलं, कोपरापर्यंत हात घातला आणि आतून एक पितळी डबा वर काढला. पीठ झटकून उघडला. आत फणी होती. करंडा, जोडवी, आरसा आणि वेणी. पाचही अखंड, मऊ फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या.

मी एकदा डब्यात आणि एकदा सुपात बघितलं.

"बघत काय बसलीस?" आत्ती पुटपुटल्या. "पुठ्ठं काढ त्यातलं आणि चुलीत घाल. भाईर दोघं वाट बघत्यात."

मी पुठ्ठा चुलीत घातला. गूळ जळल्याचा वास सुटला. आत्तींनी खऱ्या पाच सुपात मांडल्या, पदरानं हात पुसला आणि पुढे होऊन दार उघडलं.

मामांनी मोजल्या. एकवीस. फणी हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. घरात फुलोऱ्यातली जाणकार एकच, म्हणून त्यांनी आत्तींकडे मान वळवली.

"शाबूत?"

"एक दातसुदीक पडला न्हाई," आत्ती म्हणाल्या.

मामांनी खिशातून कागद काढला आणि माझ्यापुढे धरला. "मग जा की," म्हणाले.

मी कागद घेतला, वाकून तिघांच्या पाया पडले. आनंदानं माझं भान इतकं सुटलं होतं की आक्कांनी सुपातली सगळ्यात मोठी कडाकणी उचलली, हे उशिरा लक्षात आलं. वेणी. मी हात पुढे करेपर्यंत त्यांनी मोठा तुकडा मोडून तोंडात टाकला होता.

दोन क्षण काही झालं नाही. मग आक्कांचे कान लाल झाले, डोळे भरले आणि नाकातून पाणी आलं.

"हे... हे काय गं?"

आत्तींना वेणीतलं काहीच माहीत नव्हतं. पण त्यांनी एकवार माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि त्या काय ते समजल्या. "तिखटाची एक करायची असती की, वन्सं. दिष्ट लागू नये म्हणून. ती ज्याच्या वाट्याला येती, त्याचं वरीस चांगलं जातंय. तुमच्या पलूसात करत न्हाईत?"

आक्कांनी नाक पुसलं. "करत न्हाईत म्हंजे? आमच्यात दोन करत्यात," त्या म्हणाल्या आणि उरलेली वेणी डोळ्यांतून धारा वाहत असताना शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्ली.

मामा खाली मान घालून बसले होते. त्यांचे खांदे हलत होते.

जेवणं आवरल्यावर मागच्या दारी मी कढई घासायला बसले. आत्ती समोर येऊन बसल्या.

"तुम्ही नेल्या?" मी विचारलं.

"मीच. तू उठायच्या आधी, अंधारात. एक नेली तरी तू एकवीसच सांगायचीस, म्हणून आणिक नेल्या."

"एवढं शिकवलंत, आणि मग..."

"शिकवलं ते सासू म्हणून. नेल्या त्या..." त्यांनी राखेची चिमूट घेतली आणि नुसतीच चोळत बसल्या. "एकतीस वर्सं झाली मला या घरात. ह्यांच्याशी बोलायला गेलं तर हं म्हणत्यात. ल्योक गाडीवर. तू आल्यापासनं माझं त्वांड उघडलं. तू गेल्यावर मी कुणाशी बोलू, सांग? भिंतीशी?"

"मग आज आक्कांचा हात का धरलात? गप्प बसला असतात तर मी राहिले असते."

"अष्टमीला बघितली तुझी फणी. पुठ्ठ्याची असून दात कसं एकसारखं. म्हटलं, जिला जायचंय म्हणून ही एवढं करती, तिला हितं बसवली तरी ती काय हितं बसणार हाय? नुसतं आंग हितं ऱ्हाईल." मग त्या माझ्याकडे वळल्या. "त्या वेणीला काय फासलंवतंस?"

"लवंगी मिरची. मला वाटलं, मामा नेतात."

आत्ती इतक्या हसल्या की शेजारच्या परड्यातलं कुत्रं भुंकायला लागलं. मीही हसले आणि हसता हसता रडले. मला जायचंच होतं, आणि त्यांना सोडून जायचं नव्हतं.

सोमवारी मी सांगलीला रुजू झाले. पहिला पंधरवडा कानाला हेडफोन लावून गावांची नावं पाठ करण्यात गेला. विट्यात आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात तेव्हा फोन होता. बोर्डावर मला एकटीला बसू द्यायला लागले, त्या दिवशी मी रीतसर कॉल बुक केला आणि स्वतःच जोडला. दुकानदारानं आत्तींना बोलावून आणलं. त्यांनी आयुष्यात कधी फोन हातात धरला नव्हता. पहिलं अर्धं मिनिट नुसता श्वास ऐकू आला.

"आत्ती, मी शालन. बोला की."

आणि मग त्या बोलायला लागल्या. म्हैस आटली, ह्यांच्या दोन सुट्ट्या रद्द झाल्या, मामा काल चक्क सहा शब्द बोलले, चुलीपुढं सवयीनं दोन पाट मांडते आणि एक उचलून ठेवते. मी नुसती हं हं करत होते. घड्याळाचा काटा पुढे गेला. वेळ संपली की मध्ये बोलून तसं सांगायचं, हे माझंच काम होतं. शिकवला होता तसा सपाट सरकारी आवाज काढून मी म्हणाले, "तीन मिनिटं झाली."

आत्ती थबकल्या.

"ही कोण बाई मधीच बोलाय लागली गं?" त्यांनी मला विचारलं. "तिला म्हणावं, गप बस जरा. मी माझ्या सुनंशी बोलतीय."